शाळेच्या फाटकावरची शेजारीण

४ फेब्रुवारी २०१९

नोएमी,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोन केला असता, पण फोनवर तू रडतेस आणि तुझी समजूत काढता काढता माझं बोलायचं राहून जातं. बाबांच्या वेळी तेच झालं. त्यांना पुरून घरी आलो आणि सगळी संध्याकाळ मी तुला पाणी देत बसले होते. दुसऱ्या दिवशी तू शिकागोला गेलीस, त्यानंतर नाताळाचा फोन सोडला तर काही नाही. म्हणून कागद घेतला. अक्षर गिचमिड आहे, चालवून घे. तू प्राध्यापक आहेस, मी कोंबड्यांच्या कारखान्यात माना कापते.

तुझं पुस्तक घरात आलं. तू पाठवलंस म्हणून नाही. माझी नात मारेली पहिलीत आहे, तिला शाळेनं दिलं. दप्तरातून काढलं आणि म्हणाली, "आजी, यात आपल्या शाळेचं फाटक आहे बघ." बघितलं, तर खरंच आहे. वरची तुटकी सळईसुद्धा आहे. नाव 'फाटक उघडलं' आणि खाली तुझं नाव. मागे तुझा फोटो, चांदीचे डूल घातलेला. शिकागोत राहते, विद्यापीठात शिकवते, दोन मांजरं पाळली आहेत असं लिहिलंय. मांजरांची नावंही दिली आहेत. बहिणीचं नाव काही मावलं नाही.

मारेलीनं मोठ्यानं वाचून दाखवलं. एक मुलगी आई-बापाबरोबर नदी ओलांडून टेक्सासात येते. कागद नाहीत म्हणून शाळा तिला घेत नाही. आई तिचा हात धरून रोज फाटकाशी जाते, आणि एक दिवस फाटक उघडतं. छान आहे. माझी मुलगी तर रडली. पण काय गं, आपल्याकडे कुत्रा कधी होता? मी आधी हसले. मग मी स्वतःला शोधायला पुस्तक पुन्हा चाळलं, तेव्हा कळलं, जिथे जिथे मी असायला हवी तिथे तिथे कुत्रा आहे. रात्री तुझ्या पायाशी कुत्रा झोपलाय. गुलाबाच्या मळ्यात बाबा वाकून कलमांचे डोळे भरतायत आणि मागे कुत्रा बसलाय. नोएमी, बाबा डोळा भरायचे आणि मागून पट्टी मी बांधायची. कुत्र्याला पट्टी बांधता येत असती तर मीसुद्धा शाळेत गेले असते.

पण माझं सोड. मला सवय आहे. लिहायला बसले ते आईसाठी.

आईला अक्षर येत नाही, पण चित्रं येतात. मारेली झोपल्यावर तिनं पुस्तक मांडीवर घेतलं आणि एकेक पान बोटानं वाचत गेली. तुला ठाऊक आहे तिचे डोळे आता कसे आहेत. पान नाकाला लावून बघते. फाटकाच्या पानावर थांबली आणि म्हणाली, "ही होवीता ना, नोएमीची धर्माची आई? हा तिचा हिरवा झगा. किती छान काढलीय कोमाद्रेला."

मी म्हटलं, "आई, पुढचं बघ."

पुढच्या पानावरही होवीता. वेणी घालणारी होवीता, मक्याची पोळी थापणारी होवीता, रात्री पापा घेणारी होवीता. आणि मारेली मघाशी प्रत्येक पानावर मोठ्यानं वाचून गेली होती, आई, आई, आई.

आईनं पान मागे उलटलं. मग विचारलं, "आणि मी कुठे आहे?"

तिनं स्वतःच शोधायला घेतलं. शेवटी फाटकाच्या पानावरच, रस्त्याच्या पलीकडे टायरच्या दुकानापुढे एक बाई उभी आहे, नखाएवढी, तिला नाकडोळेसुद्धा नाहीत. आईनं तिच्यावर बोट ठेवलं. "ही मी. बघ, बरोब्बर जागेवर उभं केलंय पोरीनं. विसरली नाही."

इतकी खूश झाली की मला उठून न्हाणीघरात जावं लागलं.

तुला हा सगळा प्रकार आठवत नसेल तर आठवण करून देते, कारण तुझ्या पुस्तकात तो नाही. शाळेनं सांगितलं होतं, कागद दाखवा, नाहीतर फी भरा, नाहीतर चालते व्हा. फी आपल्या बापजन्मी जमली नसती. होवीता तुझी धर्माची आई, बाप्तिस्म्यात तुला हातावर घेतलेली, आणि ती इथेच जन्मलेली. ती आणि आई एकमेकींना कोमाद्रे म्हणायच्या, सख्ख्या बहिणीपेक्षा जास्त. तिनं सुईणीला गाठलं आणि तिच्याकडून लिहून घेतलं की नोएमी हिच्याच पोटची, हिच्याच घरात जन्मली. धर्मानं अर्धी आई होतीच, कागदानं पुरती झाली. एकच पोर खपवता येणार होती. सहा वर्षांच्या पोरीसाठी 'घरीच बाळंत झाले' म्हणून सांगता येतं, दहा वर्षांची आजवर कुठे होती हे कोण सांगणार? म्हणून तू गेलीस, आणि मी बाबांच्या मागे पट्ट्या बांधायला गेले. यात तुझी चूक नाही, सहा वर्षांची होतीस.

त्या दिवसापासून आईनं फाटकापर्यंत यायचं नाही असं ठरलं. ती टायरच्या दुकानापुढे उभी राहायची. तुला ताप आला आणि होवीता कामावर असली, की आई आत यायची आणि बाईंना सांगायची, "मी शेजारीण. हिच्या आईनं पाठवलंय." मी तिला घरी ते वाक्य इंग्रजीत घोकताना ऐकलंय. तेवढं एकच वाक्य तिला इंग्रजीत नीट येतं. आणि तू तिचा हात धरून बाहेर यायचीस, कोपरा वळेपर्यंत आई म्हणायची नाहीस. फार शहाणी पोर होतीस.

आता तुझ्याकडे एकच मागणं आहे. पुस्तक पुन्हा छापतील तेव्हा तो चेहरा बदल. मला घालू नकोस, कुत्रा राहू दे. आईला आईच्या जागी ठेव.

ओफेलिया


१० मार्च

नोएमी,

तुझं उत्तर मिळालं. चार पानं, टाइप केलेली. मारेलीच्या आईकडून मी दोनदा वाचून घेतलं, इतकं अवघड लिहितेस.

तू लिहितेस की चित्रकार न्यूयॉर्कची आहे, तिला संदर्भ म्हणून फोटो लागतो, आणि शाळेच्या पहिल्या दिवसाचा तो एकच फोटो तुझ्यापाशी होता, होवीताच्या नवऱ्यानं काढलेला. खरंय, त्या फोटोत आई नाही. ती रस्त्याच्या पलीकडे होती. पण बाई, आई मेली होती का? तिचा चेहरा अजून तिच्या मानेवर शाबूत आहे. फोन करून म्हणायचं होतंस, एक फोटो पाठव. मारेलीनं दोन मिनिटांत पाठवला असता. तुझ्या मनात आलंच नाही असं तू लिहितेस. मला ते पटतं, आणि तेच मला जास्त लागलं.

तू लिहितेस, चित्रांच्या पुस्तकाला पानं ठरलेली असतात, एका मुलीला दोन आया दाखवल्या तर लहान मुलं गोंधळतात. तू गोंधळली होतीस का? मी तर दहा वर्षांची होते, तरी सगळं समजत होतं. गावातल्या निम्म्या पोरांचं असंच चाललं होतं. कुणी मावशीला आई म्हणायचा, कुणी मालकिणीला. गोंधळ फक्त शाळेचा उडत होता.

तू लिहितेस की पुस्तकात एका अर्थानं सगळ्या आया आहेत. हे मी आईला वाचून दाखवलं नाही.

आणि एका बाबतीत तर तू कमालच केलीस. लिहितेस की टायरच्या दुकानापुढची बाई आईच आहे, तूच सांगून काढून घेतलीस. नोएमी, मला चष्मा आहे. त्या बाईचे केस पिवळे आहेत. हातात कुत्र्याची दोरी आहे. आईला मोतीबिंदूमुळे पिवळं-काळं कळत नाही म्हणून ती स्वतःला तिथे बघते, आणि तिला बघू दे. पण मला नको शिकवूस.

दुसरी छापणी कधी होईल माहीत नाही, बदल करणं प्रकाशकाच्या हातात आहे, माझ्या नाही, असं म्हणतेस. बरं. ते राहू दे.

पण तू इथे येणार आहेस हे मला तुझ्या पत्रातून नाही, वाचनालयाच्या दारावरच्या कागदावरून कळलं. ३० एप्रिल, मुलांचा दिवस, आपल्या गावची लेक पुस्तक वाचून दाखवणार. आपल्या गावची म्हणे. मी आईला सांगितलं. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं असं आता वाटतं, कारण ती कामाला लागलीय. बाबांच्या मातीला घातलेला तपकिरी झगा उसवून पुन्हा शिवलाय. मक्याचे तामाले वाफवायचे म्हणते, एप्रिलात. मी म्हटलं, "आई, नाताळ आहे का?" तर म्हणते, "तुझ्यासाठी नसेल."

तिला मी वर्षानुवर्षं सरकारी इमारतीत शिरताना पाहिलेलं नाही. पोस्टातसुद्धा जात नाही. सरकारनं बिनकागदवाल्यांना माफी दिली त्या वर्षी आपल्या सगळ्यांचे कागद झाले, तुझेही स्वतःच्या नावानं झाले. तिचे तेवढे राहिले, कारण ती आजीचं दुखणं काढायला सहा महिने नदीपलीकडे गेली होती आणि परत आली ती जशी पहिल्यांदा आली तशीच. दारापुढे गाडी थांबली तर अजूनही दिवा मालवते. ती बाई चारचौघांत, वाचनालयात, पहिल्या रांगेत बसायला निघालीय, कारण तू वाचणार आहेस.

म्हणून आता चित्राचं मागणं मागे घेते आणि दुसरं मागते. याला प्रकाशक लागत नाही. वाचून झालं की उठ, तिच्याजवळ जा आणि सगळ्यांदेखत म्हण, ही माझी आई. बस. जन्मात एकदा तिला हे कुणी म्हणताना ऐकू दे. कागद नसलेली बाई कुणाची आई असली तर गुन्हा होत नाही. चित्रातला चेहरा मग आयुष्यभर होवीताचा राहिला तरी मी चकार शब्द काढणार नाही.

ओफेलिया


३ मे

नोएमी,

तू विमानतळावरून पाठवलेला निरोप बघितला. 'सगळं इतकं पटकन घडलं.' पटकन कुठे? मी तिथे होते. मला तर ते संपेचना.

तू मला खोटं पाडायला निघशील, म्हणून मी बघितलं तसं सांगते.

आम्ही लवकर गेलो. आई पहिल्या रांगेत बसली, मांडीवर तामाल्यांचं पातेलं फडक्यात बांधलेलं. मिस ट्विला, ती वाचनालयाची बाई, म्हणाली पातेलं टेबलावर ठेवा, पण आईनं सोडलं नाही. दाराशी गणवेशातला रखवालदार होता, आई त्याच्याकडे बघत नव्हती, म्हणजे सारखी बघत होती. तू आलीस. सुंदर दिसत होतीस हो, खोटं कशाला बोलू. तू आईकडे बघून हसलीस आणि हात हलवलास, आणि मला वाटलं, आता होणार.

तू वाचलंस. पोरं खाली बसून ऐकत होती. फाटकाचं पान आलं तेव्हा आईनं ओठ हलवले, तिला आता पाठ झालंय. मग एका पोरीनं हात वर केला, पुढचे दात पडलेली. पानावर बोट ठेवून तिनं विचारलं, "ही तुझी खरी आई आहे?"

होवीताच्या चेहऱ्यावर बोट होतं. आणि खरी आई तुझ्यापासून चार पावलांवर पातेलं धरून बसली होती.

तू म्हणालीस, "हो."

एवढ्यावर मी माफ केलं असतं. पोरीला काय समजावणार, गर्दीत सुचत नाही, मान्य. पण नंतर मिस ट्विला आईजवळ आली. तिचा काही दोष नाही, प्रेमानंच आली. गुडघे टेकून म्हणाली, "आणि तुम्ही आजी? तुम्ही या कुटुंबाला ओळखत होता का?"

आईनं तिच्याकडे बघितलंच नाही. तुझ्याकडे बघितलं. मी आईचा चेहरा पाहात होते, नोएमी, मला त्यातलं सगळं वाचता येतं. ती विचारत होती. काय सांगू, म्हणून विचारत होती. त्या टायरच्या दुकानापासून आजवर ती तुलाच विचारत आलीय. तुला फक्त मान हलवायची होती.

तू हातातल्या पेनाचं टोपण काढत होतीस.

तेव्हा आई इंग्रजीत म्हणाली, तेच वाक्य, स्वच्छ, "मी शेजारीण." आणि मग आपल्या भाषेत, "हिच्या आईला ओळखत होते. चांगली बाई होती."

मी उठत होते. आईनं माझं मनगट पकडलं. त्या हातात अजून किती जोर आहे तुला माहीत नाही, नखांच्या खुणा परवापर्यंत होत्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पेपरवाल्यानं तुमचा दोघींचा फोटो काढला, लेखिका आणि जुनी शेजारीण. तू तिच्या खांद्यावर हात टाकलास. गालाला गाल लावलास. कानात काहीतरी पुटपुटलीसही. मी नंतर आईला विचारलं, काय म्हणाली गं? तर तू थँक्यू म्हणालीस.

मग तिनं पुस्तक पुढे केलं, आपल्या पैशानं घेतलेलं, आणि तू त्यावर लिहिलंस. बाकीच्यांच्या रांगेत. तामाले मुलांनी खाल्ले, चांगले झाले होते.

परतताना गाडीत मला वाटलं आता ही रडेल. मी रुमाल काढून ठेवला होता. तर ती गालातल्या गालात हसत होती. म्हणाली, "बघितलंस? अजून विसरले नाही मी. कुणाला पत्तासुद्धा लागला नाही."

"आई, आता कशाचा पत्ता लागायचाय? तिचे कागद कधीच झाले. ती प्राध्यापक आहे."

"तेच म्हणते. खोट्या आईच्या कागदावर शाळा शिकलीय ती. वरचं सगळं शिक्षण त्याच शाळेवर उभं आहे. उद्या कुणी म्हणालं, ही बघा खरी आई, हिला कागद नाहीत, मग? शाळा परत मागितली तर काय देणार आहे ती?"

"शाळा परत मागत नाहीत, आई."

"तुला काय माहीत? तू गेलीयस का शाळेत?"

तिला तसं म्हणायचं नव्हतं, मला माहीत आहे. पण जावई गाडी चालवत होता, त्यानं रेडिओ लावला.

कोर्टाचा निकाल लागून शाळा कागद नसलेल्यांनाही उघडली तेव्हा मी पंधराची होते. तिसरीत बसवलं होतं, गुडघे बाकाखाली मावेनात. पोरं मला बाई समजून पेन्सिलीला टोक करून मागायची. तो निकाल तिला मी किती वेळा समजावून सांगितला असेल. मान हलवते. पण तिच्या हिशेबी शाळा ही उसनी आणलेली वस्तू आहे आणि ती शेजारीण आहे तोवरच ती तुझ्याकडे टिकणार. इतकी वर्षं ती घाबरून गप्प आहे असं मला वाटायचं. ती राखण करत होती. परवाही तिनं तुला वाचवलं असंच तिला वाटतंय, आणि तू तिला वाचवू दिलंस.

आता शेवटचं सांगते आणि पुरे करते.

घरी आल्यावर तिनं पुस्तक माझ्या हातात दिलं. "काय लिहिलंय गं तिनं? वाच."

मी उघडलं. तुझं अक्षर काय सुंदर आहे. 'दोन्या एलोडियाला, माझ्या लहानपणीच्या प्रेमळ शेजारणीला.' जन्मदात्या आईला दोन्या, परक्या बाईला म्हणतात तसं.

मी वाचलं, "माझ्या आईला."

तिचा चेहरा असा उजळला, क्षणभर. मग एकदम पांढराफटक पडला. "हे लिहिलं तिनं? सगळ्यांदेखत? वेडी का काय ही पोर. कुणी वाचलं तर? खोड ते. ओफेलिया, आधी खोड."

"राहू दे, आई. घरातच तर राहणार आहे."

"खोड म्हणते ना."

मग मी खोडलं. निळं पेन होतं, त्यानं खोडूनही दिसतच होतं म्हणून काळ्यानं पुन्हा खोडलं, दोन्ही ओळी, कागद फाटायला आला. ती माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती, सगळं झाकलं गेलं की नाही. मग तिनं पुस्तक पिशवीत गुंडाळून ग्वादालूपेच्या मातेच्या तसबिरीमागे ठेवलं. दिवसातून एकदा तरी काढते. चित्रं बघत नाही आता. ते खोडलेलं पान उघडते, त्यावरून हात फिरवते आणि ठेवून देते. काल मारेलीला म्हणाली, इथे काय होतं ते तुला मोठी झालीस की सांगेन.

चित्र बदलू नकोस, काही बदलू नकोस. पेपरातला तो फोटो मी चुलीत घातला, एवढं तुला कळवते.

कधी आलीस तर ती तुला ते पान नक्की दाखवेल. एकटीला, दार लावून दाखवेल. तेव्हा खाली खरं काय होतं ते तिला सांगू नकोस. तिच्यासाठी एवढं एक खोटं बोल.

ओफेलिया